बाळाचा हात हलत नसेल तर: नस परत येईपर्यंत खांदा मोकळा कसा ठेवावा

आमची लेक जन्मली तेव्हा चार किलो शंभर ग्रॅम होती. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. पुढच्या दोन-तीन मिनिटांत लेबर रूममध्ये काय काय झालं ते मला नीट आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही. आठवतो तो दुसरा दिवस. दुपटं सोडलं, तर डावा हात हवेत नाचत होता आणि उजवा अंगालगत पडून होता, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा. कोपर सरळ, दंड आत वळलेला, तळवा मागे फिरलेला, मनगट वाकलेलं. पाठीमागून गुपचूप बक्षिसी घेणाऱ्या वेटरचा हात जसा दिसेल तसा. इंग्रजी पुस्तकांत या ठेवणीला नावही तेच आहे.

न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वारं गेलंय हातावरनं. चार दिवस रगडते तेलानं, बघा कसा हलतो." वॉर्डातले एक डॉक्टर म्हणाले, "सहा महिने थांबा, आपोआप येतं." दोघांचंही ऐकू नका. हा लेख मी मुख्यतः तेवढ्यासाठी लिहिते आहे.

लेक आता आठ वर्षांची आहे. तिचा खांदा मी काही हजार वेळा फिरवला असेल. फिजिओथेरपीच्या बाकावर शेजारी येऊन बसलेल्या कितीतरी आयांना तो कसा फिरवायचा हे बाहुलीवर, उशीवर, कधी फिजिओसमोर त्यांच्याच बाळावर दाखवलं आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाला तपासून कुणीतरी एर्ब्स पाल्सी किंवा ब्रॅकियल प्लेक्ससची इजा हे शब्द उच्चारले आहेत, गळ्याजवळच्या हाडाचा आणि दंडाचा एक्स-रे झाला आहे, असं धरून लिहिते. एक्स-रे झाला नसेल तर आधी तो करून घ्या. हाड मोडलेलं बाळही हात हलवत नाही, आणि मोडलेल्या हाडावर व्यायाम केला तर काय होईल ते सांगायला नको.

नेमकं काय झालंय

मानेच्या मणक्यांतून पाच मुळं निघतात, गळ्याजवळच्या हाडामागे एकमेकांत गुंफली जातात आणि त्यातून हाताच्या साऱ्या नसा होतात. खांदा अडकला की डोकं आणि खांदा यांच्यातलं अंतर ताणलं जातं आणि ताण या जुडग्यावर, म्हणजे ब्रॅकियल प्लेक्ससवर, येतो. बहुतेक बाळांत वरची दोन मुळं दुखावतात, कधी तिसरंही. खांदा उचलणं, दंड बाहेर फिरवणं, कोपर वाकवणं ही कामं त्यांची, म्हणून नेमकी तीच जातात. बोटं बहुधा हलतात. विल्हेल्म एर्ब या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये हे वरच्या मुळांचं प्रकरण नीट उलगडून दाखवलं, म्हणून नाव त्यांचं.

इजा किती, यावर पुढचं सगळं अवलंबून. नस नुसती ताणली असेल तर काही आठवड्यांत हात येतो. वरचं वेष्टण शाबूत राहून आतले धागे तुटले असतील तर ते धागे पुन्हा वाढतात, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं. दहा सेंटीमीटर जायचं म्हणजे शंभर दिवस. या गतीला तेल लागू पडत नाही, नवस लागू पडत नाही. तिसरा प्रकार, नस मधूनच तुटलेली. आणि चौथा, मेथीची जुडी मुळासकट उपटावी तशी नस मज्जारज्जूपासूनच उपटलेली. शेवटच्या दोन प्रकारांत वाट बघून हात येत नाही.

बाहेरून बघून चारातलं कुठलं ते पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. काही खुणा मात्र आईला दिसतात. त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली बारीक, किंवा बोटंही अजिबात हलत नाहीत, असं असेल तर इजा मोठी असण्याची शक्यता जास्त. बाळ श्वास घेताना धापा टाकतंय असं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा. श्वासाच्या पडद्याची नस शेजारच्याच मुळांतून निघते.

पहिले आठ-दहा दिवस

हात पोटावर आडवा, सैल, तसाच राहू द्या. व्यायाम नाही. व्यायाम कधी सुरू करायचा तो दिवस डॉक्टर किंवा फिजिओ ठरवतील, बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास.

आणि मालीशवाल्या बाईंना स्पष्ट सांगा. आपल्याकडच्या मालिशीत बाळाचे दोन्ही हात ओढून छातीवर आडवे-उभे करतात, उलटा हात उलट्या पायाला भिडवतात, झटके देतात, काही जणी तर हातांना धरून बाळ उचलतात. धडधाकट बाळाला ते चालत असेल. तुमच्या बाळाला नाही. मी मावशींना म्हटलं, "उजव्या हाताला फक्त तेल लावा, ओढू नका." त्या चार दिवस रुसल्या. रुसू देत. तेलाचा हात हळू फिरवण्यात काही वाईट नाही, बाळाला बरं वाटतं, आपल्यालाही वाटतं. पण त्यानं नस वाढत नाही, आणि "आज मालीश झाली" म्हणून व्यायाम टाळला गेला तर तोटाच.

उचलणं, कपडे, झोप

काखेत हात घालून बाळ उचलू नका. एक हात मानेखाली-पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि दुखरा हात पोटावर घेतलेला. लोंबू द्यायचा नाही. झबलं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पुढून बंदाची झबली घ्या, डोक्यातून घालायची नकोत. दुपट्यात दोन्ही हात घट्ट बांधून ठेवायची पद्धत पहिल्या दिवसांनंतर बंद करा. बांधलेला हात बाळ विसरतं. झोप पाठीवरच. हातात काळा दोरा, कडं घालायचं असेल तर घाला, सैल असू द्या, त्या हाताला स्पर्श कमी कळतो.

आता मुख्य काम.

दंड बाहेर फिरवणं

या एका जागी मी चुकले. दोन महिने रोज, मन लावून, चुकले. म्हणून इथं थांबते.

आधी हे का करायचं ते. खांद्याभोवती दंड आत वळवणारे स्नायू आहेत आणि बाहेर वळवणारे आहेत. एर्ब्समध्ये बाहेर वळवणारे जवळजवळ बंद पडतात, आत वळवणाऱ्यांतले बरेच चालू राहतात किंवा लवकर परततात. रस्सीखेचीत एका बाजूची माणसं घरी निघून गेली तर दोर कुणीकडे जाईल? दंड दिवसरात्र आत ओढला जातो. आत ओढलेल्या अवस्थेत ते स्नायू आखडतात, मग दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत मागे मागे सरकत जातो. लहान बाळाचं हाड अजून कूर्चेचं, म्हणजे मऊ असतं, जसं वापराल तसा आकार घेतं. माथा जागेवर नसला की खोबणी खोल न होता सपाट होत जाते. हे सगळं पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकतं, आणि बाळ रडत नाही, काही दिसत नाही.

म्हणजे असं होतं: नस आपल्या मिलिमीटरच्या चालीनं चार-पाच महिन्यांनी स्नायूपर्यंत पोचते, स्नायू जागा होतो, आणि खांदा तोवर गंजलेल्या कडीसारखा झालेला असतो. नस परत आणणं आईच्या हातात नाही. ती येईल तेव्हा सांधा मोकळा असणं, हे आणि एवढंच आईच्या हातात आहे.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी घाईत दाखवलं गेलं होतं: "हात वर करा, खाली आणा, दहादा." मी करायचे. हात उचलून थेट कानाला लावायचे. हात मस्त वर जायचा. सासूबाईंना दाखवायचे, "बघा आई, पूर्ण जातोय." दोन महिने मी खुशीत.

अडीच महिन्यांनी दुसऱ्या एका फिजिओकडे गेलो. ती काही बोलली नाही. लेकीला पाठीवर निजवलं, माझी बोटं धरून लेकीच्या पाठीखाली सरकवली आणि खांद्यामागच्या त्या चपट्या तिकोनी हाडाच्या कडेवर टेकवली. त्याला स्कॅप्युला म्हणतात, मी पातं म्हणते. "आता हे पातं हलू न देता हात वर करा." मी केला. हात खांद्याच्या जरा वर गेला आणि थांबला. पुढे जाईचना. मग तिनं माझी बोटं काढायला लावली, हात परत वर केला, आणि तो सहज कानाला लागला. दोन महिने मी खांद्याचा सांधा हलवतच नव्हते. पातंच्या पातं हातासोबत वर सरकत होतं आणि मी त्यालाच प्रगती समजत होते.

त्या दिवशी रिक्षात मी खूप रडले. तुम्हाला तेवढ्यासाठी रडायला लागू नये.

तर पद्धत अशी. ही वाचून नाही, एकदा फिजिओसमोर करून, तिच्या नजरेखाली शिकून घ्यायची आहे. पण काय शिकायचं ते माहीत असलं तर तिथं योग्य प्रश्न विचारता येतात.

बाळ सतरंजीवर किंवा कडक गादीवर पाठीवर. मऊ गादीत पातं बुडतं आणि हाताला कळत नाही. दूध पिऊन अर्धा तास झालेला. तुमचे हात कोमट. दंड बाळाच्या बरगडीला चिकटवा, कोपर काटकोनात वाकवा, म्हणजे मूठ छताकडे येईल. आता तुमचा एक हात खांद्यावर: अंगठा पुढून, बोटं मागून पात्यावर, खांदा सतरंजीवरून उचलला जाणार नाही इतपत दाब. दुसऱ्या हातानं बाळाचा पुढचा हात (कोपर ते मनगट) धरा, मनगटाला नाही, मनगट म्हणजे धरायची दांडी नव्हे. पुढच्या हाताच्या मधोमध, सगळ्या बोटांत अलगद. आणि कोपर बरगडीला चिकटलेलं ठेवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला, सतरंजीकडे नेत जा. दार उघडावं तसं. कोपर म्हणजे बिजागरी, आणि बिजागरी जागची हलता कामा नये.

कुठंतरी अडेल. रबर ताणल्यासारखं लागेल. तिथंच थांबायचं, ढकलायचं नाही, सोडायचं नाही, सावकाश वीस मोजायचे. बऱ्याचदा बारा-पंधराच्या सुमाराला ते स्वतःच थोडं सैल होतं आणि हात आणखी एक बोट खाली जातो. ते एक बोट म्हणजे दिवसाची कमाई. मग परत आणून पुन्हा. आम्हाला एका वेळी पाचदा सांगितलं होतं, आणि दर लंगोट बदलताना. लंगोटाशी बांधून घेतल्यामुळेच ते आमच्याकडून झालं. "दिवसातून तीनदा" असं वेगळं ठरवलं असतं तर बाळंतिणीच्या त्या झोपेत दोनदाही झालं नसतं.

किती फिरायला हवं, हे चांगला हात सांगतो. बहुतेक तान्ह्यांचा चांगला हात या स्थितीत जवळजवळ सतरंजीला टेकतो. म्हणून नंतर मी दोन्ही हात एकदम फिरवायला लागले. फरक समोर दिसतो, आणि बाळ अंग वळवून फसवू शकत नाही. एका हातानं करताना बाळ कमरेतून वळतं आणि आपल्याला वाटतं हात फिरला. नवरोबांना समोर बसवून खांदे धरायला लावा, त्यांनाही काम मिळतं.

चुका कुठं होतात ते सांगते, कारण बाकावर बसून मी त्याच त्या बघितल्या आहेत. कोपर बरगडीपासून सुटतं; मग सगळं व्यर्थ. आई झटका देते, कारण तिला वाटतं जोर लावला की लवकर सुटेल. झटक्यानं स्नायू उलट आवळतो. रडू आलं की आई सोडते, ते बरोबरच आहे, पण मग दिवसभर हातच लावत नाही. रडण्यात फरक असतो: धरलेलं आवडत नाही म्हणून कुरकुरणारं बाळ गाणं म्हटलं की गप्प होतं, दुखतं तेव्हाचं रडू वेगळं, ते तुम्हाला कळतं. आणि खांद्यात खट् असं काही हाताला लागलं, किंवा काल जिथवर जात होता तिथवर आज जातच नाही, तर व्यायाम थांबवून दाखवा. माथा खोबणीबाहेर सरकत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी खांद्याची सोनोग्राफी करतात. लहान बाळात एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते. आमची पाचव्या महिन्यात केली, माथा मागे सरकायला लागला होता.

हात वर नेण्याचा व्यायामही याच न्यायानं. पात्याची बाहेरची कड बोटांनी खाली धरून ठेवायची आणि मगच दंड कानाकडे न्यायचा. पातं बोटांखालून निसटलं की मोजणी रद्द.

बाकीचे सांधे सोपे आहेत. कोपर पूर्ण सरळ, पूर्ण वाकतं. तळवा वर करताना पुढचा हात धरून फिरवायचा, पंजा पिळायचा नाही. मनगट मागे. बोटं एकेक उघडायची, अंगठा बाहेर. झालं.

हाताची आठवण

जो हात हलत नाही आणि ज्यात स्पर्श अर्धवट कळतो, तो बाळाच्या लेखी नसतोच. त्यामुळे त्याला भेटवत राहावं लागतं. दूध पाजताना तो हात आपल्या अंगावर ठेवायचा. पंचाचा खरखरीतपणा, साडीचा पदर, थंड वाटी, रोज काहीतरी. दोन्ही तळवे एकत्र आणून टाळ्या, आणि दुखरा हात धरून तोंडापर्यंत. जागेपणी, समोर बसून, पोटावर पालथं घालणं लवकर सुरू करायचं, दंडाखाली छोटी सुरळी देऊन.

दात यायच्या सुमाराला बाळ स्वतःची बोटं चावू लागलं तर सावध. त्याला दुखत नसतं, जखम होते तरी. आंघोळीचं पाणी चांगल्या हाताला लावून बघून घ्या, या हातावरून अंदाज करू नका. शेक-शेगडी तर त्या हाताजवळ नकोच.

किती वाट बघायची

"सहा महिने थांबा" हे वाक्य मला आजही डोक्यात जातं. त्यात अर्धं सत्य आहे: बहुतेक बाळांचा हात खरोखर बराचसा परत येतो. पण थांबायचं म्हणजे घरी बसायचं असं नाही. दर महिन्याला कुणीतरी बघायला हवं, लिहून ठेवायला हवं.

बघायचं काय, तर कोपर. बाळ स्वतःहून, हात उचलून, वजनाविरुद्ध कोपर वाकवतंय का? पहिल्या दोन महिन्यांत हे दिसलं तर हात पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण येण्याची आशा चांगली. तीन महिने झाले आणि कोपर अजिबात वाकत नाही, तर ही शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे जाच. नेमकं कधी कापायचं यावर सर्जनांत मतभेद आहेत: काही तिसऱ्या महिन्याला ठरवतात, काही सहाव्यापर्यंत बघतात. कॅनडात टोरांटोच्या पद्धतीत नवव्या महिन्याला एक चाचणी आहे. कोपर अंगाला चिकटवून धरतात, बाळाच्या हातात बिस्कीट देतात, आणि मान फारशी न वाकवता ते तोंडापर्यंत नेतंय का बघतात. पण यांतल्या कुणीही तीन महिन्यांपर्यंत तुम्हाला बघायलाच नको असं म्हणत नाही. पापणी उतरलेली किंवा पूर्ण हातच लुळा असेल तर पहिल्याच महिन्यात जा.

शस्त्रक्रियेत पोटरीची, फक्त स्पर्शाची असलेली एक नस काढून ती तुटलेल्या जागी जोडतात, किंवा शेजारच्या चालू नसेचे काही धागे बंद स्नायूला देतात. त्यानंतरही वाढ त्याच मिलिमीटरच्या गतीनं. आणि त्यानंतरही खांदा फिरवायचा असतोच, घरात, दर लंगोटाला.

फोनवर रोज नाही, पण दर पंधरा दिवसांनी एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्याच गादीवर, अंगात काही नसताना, वर खुळखुळा धरून. आई रोज बघते म्हणून तिला बदल दिसत नाही, आणि डॉक्टरांपुढे बाळ हमखास झोपतं.

कुठं जायचं? बहुतेक जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे. तिथं फिजिओ असतात, पैसे लागत नाहीत. कुठं जायचं ते अंगणवाडीताईला विचारा. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. कुठंही जा, फक्त एकच अट: तिथली फिजिओ तुमचे हात धरून शिकवणारी हवी. बाळाला आत नेऊन, दार लावून, वीस मिनिटांनी परत आणून देणारी नको. आठवड्यातले दोनदा वीस मिनिटं तिची, बाकी सगळा वेळ तुमचा.

विजेच्या झटक्यांचं मशीन घरी विकत घेऊ नका. फिजिओला वापरायचं असेल तर ती तिच्या हिशोबानं वापरेल. आम्ही घेतलं होतं, ते आता माळ्यावर आहे.

ताकद

हात हलायला लागला की घरचे खूश होऊन सगळं सोडून देतात. खरं म्हणजे ताकदीचं काम इथून सुरू होतं, आणि ते खेळातूनच होतं. रांगताना दुखऱ्या हातावर वजन येतंय का बघा. बरीच बाळं रांगत नाहीत, ढुंगणावर सरकतात. चालेल, पण पालथं घालून हातावर भार द्यायचं सोडू नका. खेळणं बाळाच्या समोर नाही, दुखऱ्या बाजूला आणि वर धरायचं. दोन हात लागतील अशा वस्तू द्या: मोठा चेंडू, घट्ट झाकणाचा डबा, लाटणं. आमच्याकडे कणकेचा गोळा आणि भिंतीवर उभी चिकटवलेली पाटी यांनी सगळ्यात जास्त काम केलं. पाटीवर रेघा मारायला हात वर जातोच. चांगला हात थोडा वेळ मोज्यात घालून दुखऱ्यालाच कामाला लावण्याची पद्धतही आहे, ती फिजिओला विचारून, दिवसातला ठरावीक वेळ.

एक गोष्ट बघत राहायची. बाळ घास तोंडाकडे नेताना कोपर खांद्याइतकं उंच वर बाजूला जातं, तुतारी फुंकणाऱ्यासारखं. नातेवाईक कौतुक करतात, "बघ, जेवतेय हातानं." जेवतेय खरं, पण दंड बाहेर फिरत नाही म्हणून ती ही वाट काढते. घास थांबवू नका, टोकू नका. मात्र पुढच्या भेटीत सांगा. आमच्या लेकीला अकराव्या महिन्यात आत ओढणाऱ्या स्नायूंत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणारं, इंजेक्शन देऊन, दंड बाहेर फिरवलेल्या स्थितीत काही आठवडे प्लास्टर घातलं. माथा बऱ्यापैकी जागेवर आला. काही मुलांत पुढं, दोन-तीन वर्षांनंतर, पाठीकडच्या स्नायूचं टोक बाहेर फिरवणाऱ्यांच्या जागी नेऊन जोडतात. आम्हाला ती वेळ आली नाही. थोडी जवळून गेली.

पुढच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना हे आधी सांगा, कागदासह. साखर तपासून घ्या. आणि "सिझर केलं असतं तर" हे वाक्य घरात जो म्हणेल त्याला चहा करायला पाठवा.

मोठं होताना

हाड लांब होतं तेव्हा आखडलेला स्नायू तेवढ्या वेगानं लांब होत नाही, म्हणून उंची वाढली की खांदा पुन्हा कमी फिरतो. वर्षातून एकदा-दोनदा तरी हे होतं. हात परत गेला असं समजून घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. व्यायाम महिनाभर वाढवायचा.

लेकीचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर आखूड आहे. ती डाव्या हातानं लिहिते. वेणी घालता येते, पण मान तिरकी करावी लागते. पाठीमागचं बटण लागत नाही, ते मी लावते. वर्गात हात वर करायचा असेल तर डावा करते, आणि बाईंना ते माहीत आहे.

या जूनमध्ये तिचा युनिफॉर्म तोकडा झाला, म्हणून मी खांदा तपासला, तर दोन बोटं कमी. आता ती स्वतः करते. स्वयंपाकघराच्या चौकटीला आतून पुढचा हात टेकवायचा, कोपर कमरेला लावायचं, घडी केलेला रुमाल कोपर आणि बरगडीच्या मध्ये धरायचा आणि अंग हळूच दुसरीकडे वळवायचं. रुमाल पडला तर मोजणी पहिल्यापासून. सतरा-अठरावर ती मुद्दाम भरभर मोजते आणि मला पोळी उलटता उलटता ओरडावं लागतं.